लंका जिंकून परतणारे

डिसेंबर महिना उजाडला की गोमंतकातल्या घराघरांत १९ तारखेची आठवण निघते. ध्वजवंदने होतात, हुतात्मा स्मारकांवर फुले वाहिली जातात आणि आग्वादच्या तुरुंगाच्या भिंती पाहून आलेली शाळकरी मुले घरच्या वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारू लागतात. याच महिन्याच्या ७ तारखेला, येथून हजारो मैल पूर्वेला असलेल्या एका लहानशा बेटावरची माणसेही आपला इतिहास आठवतात. पण त्यांच्या आठवणीत ध्वजवंदन नसते, शोक असतो. १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात सैन्य आले आणि पोर्तुगिजांची साडेचारशे वर्षांची राजवट दोन दिवसांत संपली. १९७५ च्या डिसेंबरात पूर्व तिमोरमध्ये सैन्य आले आणि त्या प्रदेशावर चोवीस वर्षांचा काळोख पसरला. आम्ही लोकांच्या हाकेला ओ देऊन आलो, असेच दोन्ही सैन्ये पाठवणाऱ्यांनी जगाला सांगितले.

दोघांच्या तोंडी शब्द सारखे असतील, तर खरे कोणते आणि खोटे कोणते हे ओळखावे कसे? परक्या देशात राज्यकर्तेच प्रजेच्या जिवावर उठले असताना बाहेरच्यांनी शस्त्र घेऊन मध्ये पडावे की नाही, हा वाद आज म्यानमारच्या संदर्भात पुन्हा ऐकू येतो. या वादात एक पक्ष सार्वभौमत्वाचे पावित्र्य सांगतो, दुसरा माणुसकीचा हवाला देतो. आणि बहुधा दोघेही आपापल्या सोयीने पक्ष बदलतात. सैनिकी हस्तक्षेपातून ज्यांचे राजकीय जीवन सुरू झाले त्या गोमंतकीयांना या वादात तटस्थ प्रेक्षकाची भूमिका घेता येणार नाही. म्हणूनच तिमोरची कहाणी आपण नीट समजून घेतली पाहिजे.

तिमोर आपल्याला वाटते तितके परके नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. पणजीहून आणि त्याआधी जुन्या गोव्याहून निघालेली फर्माने त्या बेटावर पोचत असत. पुढे सालाझारच्या राजवटीत दोन्ही प्रदेश 'सागरपार प्रांत' म्हणून एकाच दावणीला बांधले गेले. १५ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातील कोणते प्रदेश स्वयंशासित नाहीत याची यादी एका ठरावाने जाहीर केली, तेव्हा त्या यादीत गोवाही होता आणि तिमोरही होता. एकाच साखळीचे हे दोन दुवे. एक दुवा वर्षभरातच तुटला; दुसऱ्याला चौदा वर्षे वाट पाहावी लागली.

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमधली हुकूमशाही तिथल्याच सैनिकांनी उलथली आणि वसाहतींचे दरवाजे उघडले. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबरला, पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करारान्वये मान्य केले. तिमोरमध्येही राजकीय पक्ष निघाले, सभा भरू लागल्या. परंतु शतकानुशतके ज्यांना राज्यकारभाराचा वाराही लागू दिला नव्हता, त्यांच्यात सत्तेच्या वाटणीवरून ऑगस्ट १९७५ मध्ये यादवी पेटली. पोर्तुगीज गव्हर्नर दिली सोडून समोरच्या आतावरो बेटावर जाऊन बसला. फ्रेतिलिन हा पक्ष वरचढ ठरला आणि २८ नोव्हेंबर १९७५ रोजी त्याने स्वातंत्र्य घोषित केले. ते स्वातंत्र्य नऊ दिवस टिकले.

इंडोनेशियाच्या सुहार्तो राजवटीने पराभूत पक्षांच्या नेत्यांकडून विलीनीकरणाची मागणी करणारे पत्रक मिळवले होतेच. सीमेवरच्या यादवीने आम्ही अस्वस्थ आहोत, बांधवांनी आम्हाला बोलावले आहे, आणि जात आहेत ते सैनिक नसून स्वयंसेवक आहेत, असे जाकार्ताहून सांगण्यात आले. ६ डिसेंबरला अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर जाकार्तात सुहार्तोंच्या भेटीला होते. त्या बैठकीचा वृत्तान्त २००१ मध्ये खुला झाला आणि सुहार्तोंच्या बेताला या दोघांनी मोडता घातला नव्हता, उलट समजून घेण्याची भाषा केली होती, हे जगाला कळले. ७ डिसेंबरच्या पहाटे छत्रीधारी सैनिक दिलीत उतरले. दुसऱ्या दिवशी बंदराच्या धक्क्यावर माणसांना उभे करून गोळ्या घालण्यात आल्या आणि प्रेते पाण्यात ढकलण्यात आली. लोक डोंगरात पळाले, तेव्हा डोंगरांवर विमानांतून बाँब टाकण्यात आले; खाली उतरले, तेव्हा त्यांना छावण्यांत कोंडण्यात आले. शेती बुडाली, दुष्काळ पडला. आणि हा दुष्काळ पावसाने पाडला नव्हता, माणसांनी पाडला होता.

पुढे तिमोरच्या सत्यशोधन आयोगाने १९७४ ते १९९९ या काळातील संघर्षजन्य मृत्यूंचा किमान आकडा १,०२,८०० इतका काढला. त्यांतील सुमारे १८,६०० जणांची हत्या झाली, किंवा ते नाहीसे करण्यात आले. उरलेले भुकेने आणि रोगांनी गेले. ज्या प्रदेशाची लोकसंख्या आरंभी साडेसहा-सात लाखांच्या घरात होती, तिथला हा आकडा आहे. प्रत्येक सहा-सात माणसांमागे एक माणूस असे हे प्रमाण पडते. आपल्या वाड्यावरच्या एकेका घराकडे बोट दाखवून हा हिशेब करून पाहावा, म्हणजे त्याचा अर्थ कळेल.

आणि जगाने काय केले? सुरक्षा समितीने २२ डिसेंबर १९७५ रोजी आणि पुन्हा २२ एप्रिल १९७६ रोजी इंडोनेशियाने सैन्य मागे घ्यावे असे ठराव केले. ठराव कागदावर राहिले, सैन्य जमिनीवर राहिले. जुलै १९७६ मध्ये तिमोर हा इंडोनेशियाचा सत्ताविसावा प्रांत झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यासाठी निवडक माणसांची एक सभा भरवून तिच्याकडून होकार घेण्यात आला होता. ऑस्ट्रेलियाने या विलीनीकरणाला मान्यता दिली आणि १९८९ मध्ये तिमोरच्या समुद्रातील तेलाच्या वाटपाचा करारही केला. त्या करारावर दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी तिमोर समुद्रावरून उडणाऱ्या विमानात सह्या केल्या. खाली ज्यांचे तेल होते, त्यांना कोणी विचारले नाही.

येथे आपल्या स्वतःच्या घराविषयीही बोलले पाहिजे. १२ डिसेंबर १९७५ रोजी आमसभेपुढे हा प्रश्न आला, तेव्हा भारताने जपान आणि मलेशिया यांच्यासह एक मसुदा पुढे केला होता. त्या मसुद्यात रक्तपाताचा दोष पोर्तुगालच्या आणि तिमोरी पक्षांच्या माथी होता, आक्रमकाच्या माथी नव्हता. तो मसुदा मागे पडला आणि इंडोनेशियाच्या कृतीविषयी तीव्र खेद व्यक्त करणारा ठराव संमत झाला. भारत त्या ठरावाच्या विरोधात उभा राहिला. अलिप्त राष्ट्रांच्या बिरादरीतील जुना मित्र दुखावू नये, हा त्यातला हिशेब असावा. शिवाय देशात तेव्हा आणीबाणी होती. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. घरच्या बंदिवानांविषयी जिथे लिहिता येत नव्हते, तिथे तिमोरच्या मृतांविषयी कोण विचारणार? परंतु कारणे सांगितल्याने कर्तव्यच्युती धुऊन निघत नाही. ज्या देशाने वसाहतवादाच्या मगरमिठीतून गोवा सोडवला, त्या देशाने त्याच साखळीतील दुसऱ्या दुव्याच्या बाबतीत मालक बदलण्यालाच मुक्ती मानले.

यावर कोणी म्हणेल, गोव्यात तरी वेगळे काय घडले? हा प्रश्न परकीयांनी १९६१ मध्ये विचारला होता, आणि आजही अधूनमधून घरातलीच माणसे तो विचारतात. तो झटकून टाकण्यात अर्थ नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा समितीत भारताने सैन्य मागे घ्यावे अशी मागणी करणाऱ्या ठरावाच्या बाजूने सात मते पडली आणि विरोधात चार. सोव्हिएत युनियनच्या नकाराधिकारामुळे तो ठराव फेटाळला गेला. म्हणजे जगातील बलाढ्यांच्या मतगणनेत आपण त्या दिवशी बहुमतात नव्हतो. आपली बाजू न्यायाची होती याचा पुरावा त्या मतगणनेत सापडणार नाही. तो दुसरीकडे शोधावा लागेल.

तो पुरावा सैन्य येण्याच्या आधी आहे आणि सैन्य आल्यानंतरही आहे. आधीचा पुरावा असा की, येथील लढा दिल्लीने जन्माला घातला नव्हता. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडली, तेव्हा भारतच स्वतंत्र नव्हता. त्र्यंबक... नव्हे, त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयासमोर उभे करून पोर्तुगालला हद्दपार करण्यात आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या. मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे पोर्तुगालच्या तुरुंगात खितपत होते. १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. वाटाघाटीचे सर्व मार्ग चौदा वर्षे चोखाळून झाल्यावर सैन्य निघाले.

नंतरचा पुरावा अधिक महत्त्वाचा आहे. सैन्य आले, लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ यांचा अंमल सहा महिन्यांच्या आत संपला आणि मुलकी प्रशासन आले. दोन वर्षांच्या आत, डिसेंबर १९६३ मध्ये, प्रौढ मतदानाने विधानसभा निवडून आली. एका पक्षाला विलीनीकरण हवे होते, दुसऱ्याला वेगळे अस्तित्व. पण पोर्तुगिजांना परत बोलवा असे या दोहोंपैकी कोणीही म्हटले नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी तर महाराष्ट्रात जायचे की स्वतंत्र राहायचे हा प्रश्नच जनतेपुढे ठेवण्यात आला. मराठी वाचणाऱ्या अनेक घरांना जो कौल हवा होता तो मिळाला नाही. तरीही तो मानला गेला. मनाविरुद्ध गेलेला कौल मानता येणे आणि मानला जाणे, हीच स्वातंत्र्याची खरी खूण होय. तिमोरच्या जनतेला १९७६ मध्ये असा कौल देऊ दिला असता, तर इंडोनेशियाच्या शब्दांनाही काही मोल आले असते.

आपल्या रामकथेत या प्रश्नाचे उत्तर केव्हाच सांगून ठेवले आहे. रामाने समुद्र ओलांडून परक्या राज्यावर सैन्य नेले. रावणाच्या जुलमाची कारणमीमांसा कोणीही करील. पण रामाचे वेगळेपण युद्धात नाही, युद्धानंतर आहे. सोन्याची लंका हाती आली असताना त्याने ती तिथल्याच माणसाच्या, बिभीषणाच्या, स्वाधीन केली आणि तो अयोध्येकडे निघाला. लंकेत शिरणारे पुष्कळ असतात. जिंकलेल्या लंकेतून परतणारे विरळा.

तिमोरमध्ये अशा परतणाऱ्या सैन्याचे दर्शन घडायला १९९९ साल उजाडावे लागले. मधल्या काळात त्या लोकांनी लढा सोडला नाही. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलीच्या सांताक्रूझ दफनभूमीत एका तरुणाच्या स्मृतीसाठी जमलेल्या मिरवणुकीवर सैनिकांनी गोळीबार केला. अडीचशेच्या वर माणसे मारली गेल्याचे मानले जाते. त्या दिवशी एका परदेशी छायाचित्रकाराने चित्रफीत थडग्यांमध्ये पुरून वाचवली, आणि सोळा वर्षे जे ठरावांना साधले नव्हते ते त्या काही मिनिटांच्या चित्रांनी साधले, जग हलले. १९९२ मध्ये प्रतिकाराचे नेते शानाना गुज्मांव पकडले गेले. त्यांना जन्मठेप झाली, ती पुढे वीस वर्षांवर आणली गेली. १९९६ चे नोबेल शांतता पारितोषिक तिमोरच्या दोघांना मिळाले. त्यांपैकी जुझे रामोस-होर्ता यांनी परदेशांत दारोदार फिरून आपल्या देशाची कैफियत मांडली होती. मे १९९८ मध्ये सुहार्तोंना पायउतार व्हावे लागले आणि त्यांचे उत्तराधिकारी हबीबी यांनी जनमत घ्यायला संमती दिली.

३० ऑगस्ट १९९९ रोजी नोंदलेल्या मतदारांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक लोक मतदानाला गेले. धमक्या होत्या, खेड्यांतून मारेकऱ्यांच्या टोळ्या फिरत होत्या, तरी गेले. ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियाच्या छत्राखालची स्वायत्तता नाकारली. निकाल जाहीर होताच सैन्याने पोसलेल्या टोळ्यांनी जाळपोळ आणि कत्तल आरंभली. सुमारे चौदाशे माणसे मारली गेली, अडीच लाखांच्या आसपास लोकांना पश्चिम तिमोरात हाकलले गेले, देशातील बहुतेक इमारती जळाल्या. मतदानाच्या काळातील सुरक्षेची जबाबदारी करारानुसार इंडोनेशियाच्याच हाती होती. कुंपणच शेत खात आले आहे हे चोवीस वर्षे दिसत असताना राखणीला पुन्हा तेच कुंपण नेमले गेले, याचा दोष संयुक्त राष्ट्रांनाही टाळता येणार नाही.

त्यानंतर जे घडले त्याचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. ९ सप्टेंबरला अमेरिकेने इंडोनेशियाशी असलेले लष्करी संबंध थांबवले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने हात आखडता घेतला. १२ सप्टेंबरला हबीबींनी आंतरराष्ट्रीय सेनेला संमती दिली. १५ सप्टेंबरला सुरक्षा समितीने तिला अधिकार दिला आणि २० सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या मेजर जनरल पीटर कॉसग्रोव्ह यांच्या नेतृत्वाखाली ती दिलीत उतरली. मोठे युद्ध झालेच नाही. फेब्रुवारी २००० मध्ये त्या सेनेने कारभार संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेकडे सोपवला आणि २० मे २००२ रोजी तिमोर-लेस्त स्वतंत्र झाला. कालपर्यंत तुरुंगात असलेले शानाना गुज्मांव त्या देशाचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे २००६ मध्ये अंतर्गत दंगली झाल्या, परकीय तुकड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या आणि २०१२ च्या अखेरीस त्याही गेल्या. वाट सरळ नव्हती. पण मालकी तिमोरच्याच हाती राहिली.

या क्रमातून निघणारा बोध कडू आहे. सैन्य उतरण्यापूर्वीच, मदतीचा आणि शस्त्रांचा हात आखडताच, जाकार्ता नमले. मग हाच हात १९७५ मध्ये का आखडला नाही? तिमोरवर घिरट्या घालणारी विमाने अमेरिकेतून आली होती. पुढे ब्रिटननेही विमाने विकली. हस्तक्षेप करावा की नाही हा प्रश्न सत्तेचाळीस देशांच्या परिषदांत चघळला जातो, तेव्हा त्यातले कित्येक देश आधीच हस्तक्षेप करून बसलेले असतात. फक्त तो जुलमी राजाच्या बाजूने केलेला असतो, इतकेच. शस्त्रे विकणे, कर्ज देणे, मौन पाळणे, विरोधात मत देणे, हाही हस्तक्षेपच होय.

म्हणून सैन्य हा पहिला उपाय नव्हे, आणि ज्यांनी पहिले उपाय केलेच नाहीत त्यांना शेवटचा उपाय करण्याचा नैतिक अधिकार थोडाच उरतो. तिमोरचा संक्रमणकाळ ज्यांनी सांभाळला ते संयुक्त राष्ट्रांचे मुत्सद्दी सेर्जिओ व्हिएरा दि मेलो १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमधील बाँबस्फोटात मारले गेले. इराकवरील त्या आक्रमणाला सुरक्षा समितीचा अधिकार नव्हता, तेथील जनतेची हाक नव्हती आणि परतण्याचा विचार नव्हता. २०११ मध्ये लिबियात अधिकार होता, नागरिकांच्या रक्षणाचे निमित्तही खरे होते. परंतु गडाफी गेल्यावर पुढे काय, याचे उत्तर बाँब टाकणाऱ्यांपाशी नव्हते. आणि भारताच्या सैन्याने १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाका जिंकून मार्च १९७२ मध्ये बांगला देश सोडला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगू शकतो, कारण तिच्यात परतणे आहे.

म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी सेनापतींनी जनतेने निवडलेले सरकार उलथले. रस्त्यांवर उतरलेल्या तरुणांनी बाहेरच्या जगाला वाचवण्याची साद घातली. बाहेरचे सैन्य गेले नाही. आणि ते जावे असे आजही आम्ही म्हणणार नाही, कारण कोणी, कोणाच्या अधिकाराने आणि केव्हा परतण्यासाठी जावे, या तीन प्रश्नांना उत्तरे देणारा कोणी दिसत नाही. परंतु सेनापतींना शस्त्रे मिळू नयेत आणि त्यांना प्रतिष्ठाही मिळू नये, एवढे सांगायला सैन्य लागत नाही. जून २०२१ मध्ये आमसभेत याविषयीचा ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. ईशान्येची लांबलचक सीमा आणि तिथल्या बंडखोरांचा प्रश्न आपल्यापुढे आहे, हे आम्ही जाणतो. पण १९७५ सालीही कारणे होतीच.

याउलट तिमोर-लेस्तकडे पाहा. दरिद्री, चिमुकला, शेजाऱ्यांच्या संघटनेत प्रवेश मिळावा म्हणून वर्षानुवर्षे उंबरठ्यावर उभा असलेला हा देश म्यानमारच्या पदच्युत सरकारच्या प्रतिनिधींना उघडपणे भेटला. ऑगस्ट २०२३ मध्ये म्यानमारच्या लष्करशहांनी त्याबद्दल त्याच्या दूतावास-प्रमुखाला देशाबाहेर जायला सांगितले. तिमोरने ते सोसले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आसियान संघटनेने त्याला अकरावा सदस्य म्हणून सामावून घेतले. त्याच संघटनेत इंडोनेशियाही आहे आणि म्यानमारही.

ज्याला स्वतःच्या जखमेची आठवण असते, त्याला दुसऱ्याची जखम दिसते. गोमंतकालाही जखमेची आठवण आहे. १९ तारखेला ती आपण मोठ्या सोहळ्याने जागवतो. त्या दिवशी ध्वजाला वंदन करताना ७ तारखेचेही क्षणभर स्मरण करावे, आणि आपल्या नावाने दिल्लीतून आणि न्यूयॉर्कमधून जी मते दिली जातात त्यांचा जाब विचारण्याची सवय लावून घ्यावी. मुक्त झालेल्यांवर एवढे ऋण असतेच.